न्यूमोनियाचा पत्ता

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजची गोष्टही एका अर्थी लढाईची आहे, पण तिच्यात तोफा नाहीत. मी डॉक्टर नाही, साधा पदवीधर. बत्तीस वर्षं फौजेत काढली आणि आता महूला राहतो. औषध कुठलं घ्यावं, हे मी सांगणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मी फक्त चार अक्षरांच्या एका शब्दाचा इतिहास सांगणार आहे. तो शब्द माझ्या आईच्या फाइलवर लिहिला गेला होता.

२०१३ची गोष्ट. आई ८४ वर्षांची. पावसाळ्यात ओट्यावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, नऊ दिवसांनी घरी आली, वॉकर घेऊन चालायलाही लागली. दीडेक महिन्यानं, दिवाळी नुकतीच झाली होती, तिला थंडी वाजून ताप भरला. उजव्या कुशीत दुखायला लागलं, धाप लागली. एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं एक्स-रे पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "आजी गेल्या तीन महिन्यांत कुठं ॲडमिट होत्या का?" मी हो म्हटलं. त्यानं कागदावर लिहिलं, 'एचकॅप'. लगेच दोन भारी अँटिबायोटिक शिरेतून सुरू झाली. रुग्णालयातल्या चिवट जंतूंसाठी राखून ठेवलेली असतात, त्यातली.

चौथ्या दिवशी तपासणीचा अहवाल आला. आईच्या रक्तात सापडला होता साधा न्यूमोकोकस, म्हणजे न्यूमोनियाचा सगळ्यात जुना आणि ओळखीचा जंतू. तो साध्या पेनिसिलिनलाही दाद देणारा होता. पण भारी औषधं आठव्या दिवसापर्यंत चालूच राहिली. आठव्या दिवशी लघवी कमी झाली आणि क्रिएटिनिन वाढलं, तेव्हा ती थांबवली. न्यूमोनिया बरा झाला. मूत्रपिंडं मात्र पुन्हा पूर्वीसारखी झाली नाहीत. आई पुढे दहा महिने जगली.

त्या डॉक्टरवर माझा राग नाही. त्यानं हुकूम पाळला. फौजेत आयुष्य घालवलेला माणूस हुकूम पाळणाऱ्यावर कसा रागावणार? मला जाणून घ्यायचं होतं ते इतकंच, की हा हुकूम निघाला कुठून.

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. १८८१ साली दोन माणसांनी एकमेकांना नकळत हा न्यूमोकोकस पकडला. एक फ्रान्सचा लुई पाश्चर. दुसरा जॉर्ज स्टर्नबर्ग, अमेरिकी लष्करातला डॉक्टर, जो पुढे त्या लष्कराचा सर्जन जनरल झाला. गंमत अशी, की पाश्चरनं जंतू मिळवला तो रेबीजनं दगावलेल्या मुलाच्या लाळेतून, आणि स्टर्नबर्गनं चक्क स्वतःच्या लाळेतून. स्टर्नबर्ग तेव्हा धडधाकट होता. म्हणजे हा शत्रू सरहद्दीपलीकडून येतो असं नाही, तो आपल्याच तोंडात छावणी टाकून बसलेला असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागेल. तीन वर्षांनी बर्लिनमध्ये हान्स ख्रिश्चन ग्रामनं न्यूमोनियानं मेलेल्यांच्या फुप्फुसाचे तुकडे रंगवताना जंतू रंगवायची एक रीत शोधली. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवत, काही सोडून देत. आजही प्रयोगशाळेच्या अहवालावर 'ग्राम पॉझिटिव्ह', 'ग्राम निगेटिव्ह' असं जे छापून येतं, ते या ग्रामचंच नाव.

त्या काळात न्यूमोनिया म्हणजे न्यूमोनिया. तो कुठं लागला, घरी की दवाखान्यात, हे कुणी विचारत नसे. हा प्रश्न पहिल्यांदा जोरात विचारला गेला तो लष्करात, आणि माझ्या दृष्टीनं या गोष्टीचा गाभा तोच आहे.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. शेतावरची, खेड्यातली पोरं हजारोंच्या संख्येनं छावण्यांमध्ये कोंबली गेली. त्या हिवाळ्यात छावण्यांमध्ये गोवर पसरला. शहरी मुलांना तो लहानपणीच येऊन गेलेला असे, खेड्यातल्यांना नसे. गोवरानं माणूस सहसा मरत नाही. पण हे जवान मरायला लागले. गोवर उतरत आला, घरी पत्र लिहिण्याइतकी हुशारी आली, की पुन्हा ताप चढायचा आणि न्यूमोनियानं जवान जायचा. कित्येकांच्या फुप्फुसाभोवती पू साचायचा.

लष्करानं चौकशीला माणसं पाठवली. रुफस कोल आणि विल्यम मॅकॅलम हे दोन नामांकित डॉक्टर १९१८च्या सुरुवातीला टेक्सासमधल्या फोर्ट सॅम ह्यूस्टनच्या लष्करी रुग्णालयात पोचले. त्यांनी केलेलं काम साधं होतं. गोवराचा रोगी दाखल झाला की त्याच्या घशातला नमुना घ्यायचा, काही दिवसांनी पुन्हा घ्यायचा, आणखी काही दिवसांनी पुन्हा. दाखल होताना साधारण दहातल्या एका जवानाच्या घशात घातक स्ट्रेप्टोकोकस मिळाला. आठवडा-पंधरवडा वॉर्डात काढल्यावर तोच जंतू निम्म्याहून अधिक जणांच्या घशात मिळाला.

म्हणजे न्यूमोनिया जवानांनी बराकीतून आणलेला नव्हता. तो त्यांना वॉर्डात मिळत होता. ज्या खाटेवर बरं व्हायला आणून टाकलं, त्याच खाटेवर. कोल आणि मॅकॅलम यांनी सांगितलं, की गोवराचे रोगी एकमेकांपासून वेगळे ठेवा, एका मोठ्या दालनात ओळीनं झोपवू नका. त्याच सुमारास इलिनॉयमधल्या कँप ग्रँट छावणीत जोसेफ कॅप्स नावाच्या डॉक्टरनं रोग्यांच्या आणि परिचारिकांच्या तोंडाला जाळीच्या कापडाचे मास्क बांधले, दोन खाटांच्या मध्ये चादरी टांगल्या.

हे वाचताना मला माझं तरुणपण आठवलं. कॅप्टन असताना मी एका ट्रेनिंग सेंटरमध्ये होतो. रंगरुटांच्या बराकीत एकाचं डोकं भिंतीकडे, तर शेजारच्याचे पाय भिंतीकडे, अशी उलटसुलट झोपायची पद्धत होती. गालगुंडाची एक केस निघाली की सुभेदार मेजर रात्री टॉर्च घेऊन खाटा मोजत फिरायचे. मला वाटायचं, फौजेतला आणखी एक निरर्थक नियम. तोंडासमोर तोंड येऊ नये म्हणून तो आहे, हे मला साठीत कळलं.

१९१८च्या इन्फ्लुएंझाबद्दल इथं फार बोलत नाही, त्याचा वेगळा भाग झालाय. एवढंच सांगतो, की त्या साथीत आपल्या देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली आणि जगभरच्या बहुतेक मृत्यूंना शेवटचा धक्का दिला तो इन्फ्लुएंझामागून आलेल्या जंतूंच्या न्यूमोनियानं.

मग सल्फा आली, पेनिसिलिन आलं. डिसेंबर १९४३मध्ये खुद्द चर्चिल ट्युनिशियात कार्थेजजवळ न्यूमोनियानं आडवे झाले आणि सल्फाच्या गोळ्यांनी उठून बसले. लोकांना वाटलं, न्यूमोनिया संपला. पण त्यानं फक्त पत्ता बदलला होता.

ऑगस्ट १९५२मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं रोज दाखल होत होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं गळ्यात छिद्र पाडून नळी घातली आणि रबरी पिशवी हातानं दाबून एका मुलीला जगवलं. मग सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस पिशव्या दाबून मुलं जिवंत ठेवली. आजच्या आयसीयूचा आणि व्हेंटिलेटरचा जन्म यातूनच झाला. यासारखी शर्थ मी रणांगणावरही फार थोडी ऐकली आहे.

पण घशातली नळी ही दुहेरी वाट असते. आपण खोकतो, गिळतो, ठसका लागतो, हे सगळे आपले पहारेकरी. नळी घातली की पहारा उठतो आणि तोंडातली घाण नळीच्या कडेनं हळूहळू खाली झिरपते. साठच्या दशकात अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसला जे सँडफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. श्वासाच्या यंत्रात हवा ओलसर ठेवायला पाण्याची छोटी टाकी असे. त्या टाकीत ग्राम निगेटिव्ह जंतू वाढत आणि बारीक तुषारांबरोबर थेट फुप्फुसात जात. यंत्र जीव वाचवत होतं आणि तेच यंत्र न्यूमोनिया पेरत होतं. १९६९मध्ये त्यांनी हेही दाखवलं, की माणूस जितका जास्त आजारी, तितका त्याच्या घशातला मुक्काम बदलतो. नेहमीचे जंतू जातात आणि रुग्णालयाचे चिवट जंतू येऊन बसतात. हे सँडफर्ड पुढे अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय विद्यापीठाचे डीन झाले.

इथून कप्पे पडले. घरीदारी लागलेला न्यूमोनिया हा पहिला कप्पा. रुग्णालयात दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर आलेला तो दुसरा. व्हेंटिलेटरची नळी घातल्यावर ४८ तासांनंतर आलेला तो तिसरा. कप्प्यांचा उपयोग एवढाच, की तपासणीचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात आणि रोग्याला औषध आज लागतं. शत्रू दिसत नसताना गोळीबार कुठल्या दिशेनं करायचा, याचा तो अंदाज. पहिल्या कप्प्यात साधं औषध, दुसऱ्या-तिसऱ्यात भारी.

मात्र काळ बदलला. डायलिसिसचे रोगी आठवड्यातून तीनदा रुग्णालयात येऊन घरी जायला लागले. कॅन्सरची औषधं दिवसभरात देऊन संध्याकाळी घरी पाठवणं सुरू झालं. अमेरिकेत म्हातारी माणसं नर्सिंग होममध्ये राहू लागली. या माणसांना घरी न्यूमोनिया झाला, तर त्यांना कुठल्या कप्प्यात टाकायचं? २००५ साली अमेरिकेतल्या छातीच्या आणि संसर्गरोगांच्या तज्ज्ञांच्या दोन संस्थांनी मिळून नवा, चौथा कप्पा काढला. आरोग्यसेवेशी निगडित न्यूमोनिया, अर्थात एचकॅप. गेल्या ९० दिवसांत दोन किंवा अधिक दिवस रुग्णालयात राहिलेला, नर्सिंग होममध्ये राहणारा, डायलिसिसवर असलेला, गेल्या महिन्यात शिरेतून अँटिबायोटिक किंवा केमोथेरपी घेतलेला किंवा जखमेचं ड्रेसिंग करून घेतलेला, असा कुणीही आला, की त्याला रुग्णालयातल्या न्यूमोनियाची भारी औषधं द्यायची. आईचं खुब्याचं ऑपरेशन त्या ९० दिवसांत बसत होतं.

हुकूम हवेतून निघाला नव्हता. त्याच वर्षी एक मोठा अभ्यास छापून आला, अमेरिकेतल्या ५९ रुग्णालयांतल्या ४५४३ रोग्यांचा. चारही कप्पे शेजारी शेजारी ठेवून मोजणी केली होती. घरी लागलेल्या न्यूमोनियात १०० पैकी १० माणसं दगावली. रुग्णालयात लागलेल्यात सुमारे १९, व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियात २९. आणि या नव्या चौथ्या कप्प्यात? जवळजवळ २०. म्हणजे घरून आलेली ही माणसं, पण त्यांचे आकडे रुग्णालयात लागलेल्या न्यूमोनियाशी जुळत होते. चिवट जंतूंचं प्रमाणही तसंच. आकडे पाहून कुणीही म्हणेल, नवा कप्पा बरोबर आहे.

मीही म्हटलं असतं. पण त्या अभ्यासात एक मेख होती. ज्यांच्या नमुन्यात जंतू सापडला, फक्त त्यांनाच मोजलं होतं. न्यूमोनियाच्या बहुसंख्य रोग्यांत जंतू सापडतच नाही. ज्यांच्यात सापडतो, ते बऱ्याचदा जास्त आजारी असतात आणि त्यांच्याच तपासण्या जास्त होतात. ही म्हणजे फक्त पकडलेल्या घुसखोरांवरून सगळ्या सीमेचा हिशेब मांडण्यासारखी गोष्ट.

दुसरी चूक जास्त खोल होती. या माणसांत मृत्यू जास्त का? जंतू चिवट म्हणून, की माणसं थकलेली म्हणून? बेस हॉस्पिटलमध्ये पुढच्या चौकीपेक्षा जास्त जवान दगावतात. म्हणून बेसचा सर्जन वाईट ठरत नाही. तिथं जास्त जखमी जवान जातात, एवढंच. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २००७मध्ये ७२७ रोग्यांचा अभ्यास छापला, जंतू सापडो न सापडो, सगळ्यांचा. त्यांनाही दिसलं, की या गटात मृत्यू जास्त, १०० मध्ये १० विरुद्ध ४. पण जंतू कुठला? दोन्हीकडे पहिला नंबर त्याच जुन्या न्यूमोकोकसचा. मग अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांची आकडेवारी तपासली गेली. आमचेच भाऊबंद म्हणायचे. नियमाप्रमाणे भारी औषधं दिली, म्हणून मृत्यू कमी झाले नव्हते. २०१४मध्ये असे चोवीस अभ्यास एकत्र करून पाहिले. निष्कर्ष असा, की हा कप्पा चिवट जंतू असलेली माणसं नीट ओळखतच नाही. मृत्यू जास्त दिसतात ते बव्हंशी वयामुळे आणि आधीच्या आजारांमुळे.

२०१६च्या नव्या नियमावलीतून अमेरिकेतल्या त्याच दोन संस्थांनी चौथा कप्पा काढून टाकला. २०१९मध्ये स्पष्ट लिहिलं, की ही वर्गवारी सोडून द्या. त्याऐवजी त्या माणसाच्या थुंकीत पूर्वी चिवट जंतू सापडला होता का, नुकतंच रुग्णालयात असताना शिरेतून अँटिबायोटिक दिलं होतं का, आणि तुमच्या स्वतःच्या रुग्णालयात कुठले जंतू फिरतात, ते पाहा. भारी औषध सुरू केलंच, तर अहवाल येताच खाली उतरा. अकरा वर्षं चालू राहिलेला हुकूम त्यांनी मागे घेतला. याचं मला कौतुक आहे. आमच्याकडे काही स्टँडिंग ऑर्डर इंग्रजांच्या काळापासून चालू होत्या, त्या का आहेत हे विचारायचीही कुणाची छाती नव्हती.

आता मला टोचलेली गोष्ट. आपल्या देशात छातीच्या डॉक्टरांच्या दोन संघटनांनी मिळून न्यूमोनियाची मार्गदर्शक तत्त्वं काढली होती, २०१२ साली. त्यांत स्वच्छ म्हटलं होतं, की एचकॅप या एका छत्रीखाली सगळ्यांना घेऊ नका, प्रत्येक रोग्याचा धोका वेगळा जोखा. अमेरिकेच्या चार वर्षं आधी. आईच्या आजाराच्या एक वर्ष आधी. पण त्या तरुण डॉक्टरच्या हातात अमेरिकेचं पुस्तक होतं, आपलं नव्हतं.

आणि आपल्याकडे ही छत्री अधिकच फाटकी होती. तिकडे प्रश्न होता, रुग्णालयातले जंतू घरी पोचले आहेत का. इथं दुकानातून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळतं. २०१४पासून शेड्यूल एच-१चा नियम आला, तरी मिळतंच. रुग्णालयाची पायरी न चढलेल्या माणसाच्या अंगातही चिवट जंतू असू शकतात, आणि महिनाभर रुग्णालयात राहिलेल्याला साधा न्यूमोकोकस होऊ शकतो. शिवाय न्यूमोनिया म्हणून जो दाखल होतो, तो कित्येकदा क्षयच निघतो. क्विनोलोन गटातलं अँटिबायोटिक दिलं, की चार दिवस ताप उतरतो आणि क्षयाचं निदान आणखी लांबतं. ९० दिवसांचा एक प्रश्न विचारून यातलं काय कळणार?

आईला दिलेली ती दोन औषधं एकत्र दिली, की मूत्रपिंडाला धोका वाढतो, हेही पुढच्या काही वर्षांत नीट अभ्यासलं गेलं. पहिल्या दिवशी ती सुरू केली, यात मला आजही फार गैर वाटत नाही. धाप लागलेली ८४ वर्षांची बाई समोर आहे, माणूस घाबरतोच. माझा प्रश्न चौथ्या दिवसाचा आहे. अहवाल हातात आला, शत्रू दिसला, एकटा आणि जुन्या बंदुकीचा. तरी तोफा चार दिवस का धडधडत राहिल्या? मी तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून होतो. अहवाल मीही पाहिला होता. मला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

जपाननं मात्र हा कप्पा पूर्ण टाकला नाही. तिथं २०११मध्ये त्याला आपल्या गरजेचं रूप दिलं, सेवाशुश्रूषेवर अवलंबून असलेल्या म्हाताऱ्यांच्या न्यूमोनियाचं. त्यांचा भर जंतू कुठला, यापेक्षा तो फुप्फुसात उतरतो कसा, यावर आहे. १९९९मध्येच तिथल्या ११ वृद्धाश्रमांतला एक अभ्यास छापून आला होता. काही वृद्धांचे दात परिचारिकांनी रोज जेवणानंतर घासून दिले, बाकीच्यांचे नेहमीसारखेच राहू दिले. दोन वर्षांत दात न घासलेल्यांपैकी शंभरात १९ जणांना न्यूमोनिया झाला, घासलेल्यांपैकी ११ जणांना. एक ब्रश आणि पाच मिनिटं. स्टर्नबर्गची लाळ आठवते ना? पुढे तिथंच पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसांच्या एका अभ्यासात असंही दिसलं, की कवळी लावून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त असतो.

आई रात्री कवळी काढत नसे. रात्रीबेरात्री कुणी आलं तर बोळक्या तोंडानं कशी बोलू, म्हणायची.